दौरा संपेपर्यंत

त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी वर उचलली आणि टॉर्च मारला. मला सगळं धुरकट दिसलं. एक हनुवटी, तिच्यावर ट्यूबलाइट, आणि हनुवटीच्या मागं एक खाट. पांढरी चादर, फुगीर उशी, उशाशी एक यंत्र. त्या खोलीत माणसांच्या अंगावर माणसं होती आणि ती एकच खाट रिकामी होती.

दुसरी पापणी. पुन्हा टॉर्च.

"संपलंय," ते म्हणाले आणि पापणी सोडून दिली. ती आपोआप मिटली.

मी संपले नव्हते. मी ऐकत होते.

त्याच्या आधी

आदल्या रात्री मी ओसरीत खाली झोपले होते. मण्यार चावला. तो चावल्याचं कळत नाही, डास चावल्यासारखं वाटतं आणि माणूस कूस बदलून झोपतो. पहाटे पोटात कळ आली. मग पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग मान. जीपमध्ये बसले तेव्हा मान धरायला लागत होती. दवाखान्याच्या पायरीवर छाती थांबली.

पुष्कळांना वाटतं की अशा वेळी शुद्ध जाते. या सापाचं तसं नाही. तो नुसते स्नायू बंद करतो. कान, डोकं, भीती, हे सगळं जागच्या जागी चालू राहतं.

मला जीपमधून आणलं ते बेबीबाईनं. बेबीबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमचं बिनसलं, पुढं चुली वेगळ्या झाल्या, दोरी मात्र एकच राहिली. तीन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. फारच गरज पडली तर शेळीकडे बघून बोलायचो. त्या दिवशी माझे यजमान दिवाकर कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेले, थोरले दीर शेतात, सासूबाई लेकीकडे. बेबीबाई नंतर सगळ्यांना सांगत असे की ती काही प्रेमानं गेली नव्हती, घरात दुसरं कोणी होतंच कोण.

जिल्ह्याचा सरकारी दवाखाना. तातडीचे रुग्ण जिथं आधी आणतात ती खोली. एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे. खाटांच्या मध्ये गाद्या, आणि गाद्या संपल्या तिथून पुढं फरशीवर चादरी. डॉक्टर तडवी नावाची एक तरुण डॉक्टर होती, तिनं माझ्या घशात नळी घातली. ती घालताना मी जागी होते, हे तिला माहीत असावं, कारण ती सारखी सॉरी म्हणत होती.

नळीच्या टोकाला नारळाएवढी रबरी पिशवी. ती तिनं बेबीबाईच्या हातात दिली आणि समजावून सांगितलं. विषावरचं औषध दिलंय, पण ते चढायला वेळ लागतो. तोवर हिचा श्वास बाहेरून द्यायचा. एक दिवस, फार तर दोन. तेवढं झालं तर ही उठून बसेल. मध्ये थांबलं तर नाही.

बेबीबाईनं विचारलं की याचं मशीन नसतं का. असतं, डॉक्टर म्हणाली, पण वरची सगळी भरलेली आहेत.

आमच्याकडे मशीन नसलं की नातेवाइकांनाच मशीन करतात. यात त्या खोलीत कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

हात

"तुम्ही स्वतः श्वास घ्याल तेव्हा दाबा," डॉक्टर तडवीनं सांगितलं, "आणि सोडाल तेव्हा सोडा. म्हणजे विसरायला होणार नाही."

म्हणून बेबीबाईचा श्वास तो माझा श्वास. ती रागावली की मला भराभर हवा मिळे. ती जीप आठवून हुंदका देई तेव्हा माझी छाती मध्येच अडखळे. तिला शिंक आली तेव्हा मी खाटेवर उडाले असेन.

आणि ती बोलत होती. तीन वर्षांचं साचलेलं बोलत होती, आणि मी उत्तर देऊ शकत नव्हते, याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

"पाह्य, कशी माह्या हातात आली," ती म्हणाली. "मेली न तू, तर लोक म्हनतीन बेबीनं मारली. म्हनून दाबून राहिली. तुह्यासाठी नाही."

माझ्या खाटेच्या लगत खाली गादीवर एक म्हातारे बाबा होते. जुना दमा, त्यात छाती भरलेली. त्यांचा मुलगा मारोती, आवाजावरून पन्नाशीचा, फरशीवर मांडी घालून आदल्या दिवसापासून त्यांची पिशवी दाबत होता. त्यानं बेबीबाईला सांगितलं की बोटं आखडली तर पिशवी गुडघ्यावर ठेवून तळव्यानं दाब. बेबीबाईनं त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिली. एका हातानं दाबत आणि एका हातानं खात ती दोघं बोलत होती, की पाऊस कसा आहे, कापसाचं काय, पोरगी कुठं दिली. वरून ऐकणाऱ्याला वाटावं, बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसलेत.

मला तीन श्वास ऐकू येत होते. माझा, बाबांचा आणि तिसरा एक, सगळ्यात नेमका. सूं, मग खट्. सूं, मग खट्. मला वाटलं, कुणीतरी नशीबवान मशीनवर आहे.

तिसरा श्वास

तो कुणाचाच नव्हता.

त्या रिकाम्या खाटेपाशी मशीन चालू होतं आणि त्याच्या नळीला एक रबरी फुगा लावलेला होता. मशीन फुग्याला श्वास देत होतं. हे मला मारोतीनं विचारलं म्हणून कळलं. खाटेपाशी एक हवालदार बसवला होता, कुणी तिच्यावर टेकू नये म्हणून. मुलाला मांडीवर घेऊन कडेला टेकलेल्या एका बाईला त्यानं नुकतंच उठवलं होतं.

एक मंत्री शेजारच्या तालुक्यात पुलाच्या उद्घाटनाला यायचे होते. ते जिल्ह्याच्या हद्दीत असेपर्यंत एक खाट, एक मशीन, त्यांच्या गटाचं रक्त आणि एक डॉक्टर राखीव ठेवायचे, असा आदेश होता. मशीन चालू आहे हे दिसलं पाहिजे, म्हणून फुगा.

"साहेबाले काय झालं?" मारोतीनं विचारलं.

"काही नाही. ठणठणीत आहेत."

"मंग?"

"झालं तर," हवालदार म्हणाला.

मारोतीची पिशवी दोनतीनदा दाबली गेली.

"माह्या बापाले झालंच हाय," तो म्हणाला.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची थोडी सरकवून मारोतीला पाय लांब करायला जागा दिली. तेवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढंच आहे हे तो सारखं सांगत होता.

टॉर्च

मग मोठे सर आले. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी पापण्या उचलल्या ते मी सांगितलंच. दिवाकर तोवर पोचले होते. त्यांच्या अंगाला चिकटलेला कापूस काढत कुणीतरी त्यांना पुढं केलं, आणि सरांनी माझ्या अंगावरून त्यांना समजावलं. बुबुळं फिरत नाहीत. उजेड मारला तर बाहुली आखडत नाही. टोचलं तर हात ओढत नाही. मेंदू गेलाय. पिशवी दाबताय म्हणून छाती हलते, इतकंच.

डॉक्टर तडवी म्हणाली, "सर, मण्यारमध्ये असं दिसू शकतं. थोडं थांबूया."

"पुस्तकात दिसतं," सर म्हणाले. "इथं मला गर्दी दिसते."

दुपारपर्यंत खोली जरा मोकळी दिसायला हवी होती. ते त्यांनी लपवलं नाही, सरळ सांगितलं, जसं घरी पाहुणे येणार म्हणून पसारा आवरायला सांगतात. मग आवाज खाली आणून दिवाकरांना म्हणाले की घरी न्या. इथं गेली तर पंचनामा, शवविच्छेदन, दोन दिवस अडकून पडाल. पाहिजे तर थोडा वेळ दाबा, तुमच्या समाधानासाठी.

ते गेले. बेबीबाई दाबत होती. मी आतून ओरडत होते. ओरडणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडे फक्त ओरडायची इच्छा उरली आहे त्यालाच कळेल. बाकी काही नाही, इच्छा तेवढी.

दिवाकर माझ्या उशाशी आले. मग म्हणाले, "वहिनी, सोडा आता."

बेबीबाईनं सोडलं नाही.

"वहिनी. डॉक्टरच म्हनून राहिले. कायले तिचे हाल?"

"हाल माह्या हाताचे होऊन राहिले, तिचे नाही."

"ती नाही आता."

"तुमाले सोडाचं हाय न, भाऊजी?" बेबीबाई म्हणाली. "मंग तुमी धरा. तुमच्या हातानं सोडा. माह्या हातानं नाही."

पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.





इथं काही नाही. तेवढा वेळ असाच होता.

मग छातीत हवा आली. वेडीवाकडी, अर्धी, मग एकदम जास्त. दिवाकरांना दाबता येत नव्हतं, आणि ते दाबत होते. बेबीबाई त्यांना शिकवू लागली. "भाऊजी, तुमी श्वास घ्या. आधी तुमी तर घ्या."

आज इतकी वर्षं आम्ही एका घरात आहोत. तो कोरा वेळ केवढा होता, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. तो मला दुसरीकडं जपून वापरायचा होता.

अंगठा

डॉक्टर तडवी परत आली ती घाईत. ती खाली वाकली आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, जसं झोपलेल्या मुलाला उठवतात तसं म्हणाली, "ताई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा. कुठलाही. थोडासा."

मी माझा अंगठा शोधायला निघाले. असं वाटलं की तो दुसऱ्या गावाला आहे. मी गुडघ्यापर्यंत गेले, घोट्यापर्यंत गेले, वाट चुकले, परत आले.

"बेबीताई, चादर काढा पायावरची," डॉक्टर म्हणाली.

"हलला," बेबीबाई म्हणाली. मग रडायला लागली, आणि माझा श्वास पुन्हा अडखळायला लागला, कारण पिशवी परत तिच्याच हातात आली होती. रडता रडता ती मला म्हणाली की सटवे, एवढ्या वेळची ऐकत होतीस व्हय सगळं.

डॉक्टर तडवी सरांकडे पळत गेली. पळत गेली हे चपलांच्या आवाजावरून कळलं. परत आली ती चालत.

दिवाकरांनी विचारलं, मशीन देतात का. तिनं आधी माझ्या पायावर चादर ओढली. मग म्हणाली, "हातानं चाललंय तोवर हातानंच चालू द्या, म्हणाले. दौरा संपेपर्यंत."

सकाळी मी मेलेली होते म्हणून मशीन मिळालं नाही. दुपारी जिवंत निघाले म्हणून मिळालं नाही. आणि ते तिथंच होतं. मधे फक्त बाबांची गादी आणि हवालदाराची खुर्ची. सूं, खट्. सूं, खट्. फुग्याचं चांगलं चाललं होतं.

खाली

बाबांना मात्र हातानं चालत नव्हतं. डॉक्टर तडवीनं फरशीवर बसून स्वतः त्यांची पिशवी दाबून पाहिली आणि म्हणाली की छाती कडक झालीय, हाताचा जोर पुरत नाही, यांना मशीनच पाहिजे. हे ती कुणाला सांगत होती कोण जाणे. मारोतीला ते माहीत होतं. मग ती उठली आणि राखीव खाटेपाशी गेली. हवालदाराला म्हणाली, मी घेते जबाबदारी. हवालदार म्हणाला, मॅडम, तुम्ही घ्याल, पण माझी कोण घेणार. ती म्हणाली, फुगा काढायचाय फक्त. तो म्हणाला, मग फोन लावा. तिनं लावला. पलीकडून कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. सगळे मोठे लोक रस्त्यावर स्वागताला गेले होते.

बेबीबाई हवालदाराला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. त्याची आई, त्याची वर्दी आणि त्याच्या मंत्र्याचं फुप्फुस, सगळं त्यात आलं. खोलीतले लोक हसले. खरंच हसले. खोकत, कण्हत हसले. मारोतीही हसला असावा.

मग खालचा श्वास थांबला.

कुणी रडलं नाही, कुणी हाक मारली नाही. तीनातले दोन उरले, एक माझा आणि एक फुग्याचा. मारोती म्हणाला, "बाबा," आणि थोड्या वेळानं पुन्हा, विचारल्यासारखं, "बाबा?"

डॉक्टर तडवी त्यांच्यापाशी बसून राहिली. मग तिला दाराशी कुणीतरी हाक मारली, अपघातातले दोघं आणले होते, आणि तिला उठावं लागलं.

बेबीबाईच्या हाताला तोवर पेटके येऊ लागले होते. दिवाकर औषध आणायला बाहेर गेलेले. तिची लय तुटत होती, एक श्वास पुरा, दोन अपुरे. ती मला शिव्या देत होती, पण आता शिव्यांत जोर नव्हता.

तेव्हा पिशवीवर दुसरा हात आला. जाड, कोरडा, शांत.

"द्या इकडं," मारोती म्हणाला.

बेबीबाई म्हणाली, भाऊ, तुमी तुमच्या बापापाशी बसा. त्यांचं करा.

"गाडीले येळ हाय. सांगून आलो." त्यानं दाबलं. कित्येक तासांत एवढा पुरा श्वास मला मिळाला नव्हता. "हाताले सवय झाली हाय, बाई. रिकामा ठेवला तर कसंतरी होते."

तो दाबत राहिला. त्याच्या पायाशी त्याचा बाप झाकून ठेवलेला होता. तो आपल्या छातीनं श्वास घेत होता आणि तोच मला देत होता. मला त्याचा चेहरा माहीत नाही. वाटेत भेटला तर ओळखणार नाही. आवाज मात्र ओळखीन.

भोंगे

संध्याकाळच्या आत भोंगे ऐकू आले. गाड्या दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरून गेल्या. थांबल्या नाहीत, थांबायचं कारणच नव्हतं. काही लोक खिडकीशी गेले आणि सांगू लागले की किती गाड्या, काचा कशा काळ्या. नंतर हवालदाराचा फोन वाजला. साहेब हद्दीबाहेर गेले होते.

मशीन बंद केलं. फुग्यातली हवा शेवटची निघाली, तो आवाजही मी ऐकला. मग चाकं. ती माझ्या उशाशी आली. बेबीबाई उठून उभी राहिली, मला कळलं, कारण तिच्या बांगड्या वाजल्या. आम्हाला वाटलं, आलं.

चाकं पुढं गेली. डॉक्टर तडवी मागोमाग गेली. तिचा आवाज चढला, मग दुसरा आवाज म्हणाला की हे वरच्या बंद वॉर्डातलं आहे, एका दिवसासाठी खाली मागवलं होतं, जिथलं तिथं गेलं पाहिजे. तिथं चालवायला माणूस नेमलेला नाही म्हणून तो वॉर्ड बंद आहे, हेही त्यानंच सांगितलं, आणि लिफ्टचं दार लागलं.

राखीव खाटेवर तोवर दोघांना झोपवलं होतं. फुगीर उशीवरून नातेवाइकांत जुंपली.

मारोतीची गाडी आली तेव्हा त्यानं पिशवी दिवाकरांच्या हातात दिली आणि हळू दाबा म्हणून सांगितलं. रात्रभर दिवाकर आणि बेबीबाई आळीपाळीनं होते. दुसऱ्या दिवशी पापणी थोडी उघडली, मग मान वळली. त्याच्या पुढच्या सकाळी छाती आपली आपण हलली आणि नळी काढली. विष उतरलं. डॉक्टर तडवीनं सांगितलं होतं तसंच.

राउंड

नळी निघाली त्या दिवशी सर राउंडला आले. बरोबर शिकणारी मुलंमुली, नोंदी घेत. सर माझ्यापाशी थांबले आणि मला हनुवटी ओळखू आली. ते मुलांना सांगत होते की मण्यारच्या रुग्णाला घाईनं मृत ठरवू नये, बाहुल्या फसवतात. ही बाई बघा. आपण शेवटपर्यंत प्रयत्न सोडले नाहीत.

डॉक्टर तडवी मागं उभी होती, खाली बघत. बेबीबाईनं माझा हात दाबला, गप्प बस म्हणून. तिला माझी जीभ पहिल्यापासून माहीत होती.

"तुम्हाला काही आठवत नसेल," सर मला म्हणाले. "बरंच आहे ते."

माझ्या मनात पुष्कळ होतं. टॉर्च, फुगा, गर्दी, समाधानासाठी. पण नळीनं घसा सोलून निघाला होता आणि मोजकेच शब्द निघतील हे मला कळत होतं. म्हणून मी एकच निवडलं.

"माह्या बाजूचे बाबा कायनं गेले?"

त्यांना ऐकू आलं नाही. मी परत विचारलं. एका मुलीचं पेन थांबलं.

"बाजूला कोण होतं?" सरांनी सिस्टरला विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बाजूला कुणी नव्हतं, सर," ती म्हणाली. "खाली होतं."

"हां, खाली," सर म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे वळले.